पुन्हा न जमलेली पावडर

मी लातूरला शिकवत होते आणि नांदेडला शिकत होते. आठवड्यातले चार दिवस लातूरच्या एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवायचं आणि तीन दिवस नांदेडला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पीएच.डी.चं काम करायचं, असं मी साडेपाच वर्षं केलं. मधे एसटी होती. अहमदपूरला गाडी थांबली की चहा घ्यायचा, लोह्यापर्यंत टेस्टचे पेपर तपासायचे आणि नांदेड आलं की मॅडमपण सोडून विद्यार्थिनी व्हायचं. मुक्काम आत्याकडे असायचा. आत्या म्हणायची, "एका म्यानात दोन तलवारी घालून राहिलीस तू." तिचं खरं होतं, पण मला दोन्ही हव्या होत्या.

लातूरला तेव्हा क्लासचं पेव फुटलं होतं. भूकंपात तडे गेलेली घरं लोकांनी पाडली, कॉलम-बीमची नवी बांधली आणि बांधतानाच वरचा मजला बाहेरगावच्या पोरांना खोल्या देता येतील असा काढला. सकाळी साडेपाचला गल्लीगल्लीतून सायकली निघायच्या. आमच्या क्लासमध्ये पोरं सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसायची आणि मागच्यांना फळा दिसत नाही म्हणून मी विटेएवढं अक्षर काढायचे. त्यात रिपीटरची एक बॅच असायची, म्हणजे बारावी झाली पण मार्क कमी पडले म्हणून वर्षभर पुन्हा तेच घोकणारी पोरं. ही बॅच माझी लाडकी. एकदा आपटी खाल्लेल्या माणसाशी बोलायला बरं वाटतं, तो उगाच शहाणपणा करत नाही. तरी मी त्यांना रागवायचे फार. माझा आवाज मुळात चढा, त्यात डोकं तापट. आई म्हणायची, हिला बाळगुटीत तिखट कुणी घातलं कोण जाणे.

नांदेडला आवाज चढवून उपयोग नव्हता. 'नॅनो' हा शब्द तेव्हा आमच्याकडे नव्या सुनेसारखा आला होता; सगळे कौतुकानं बघायचे आणि स्वभाव कुणालाच ठाऊक नव्हता. माझं काम असं होतं. तुराट्या, म्हणजे तूर झोडपून घेतल्यावर उरलेल्या काड्या, बंद डब्यात तापवून त्यांचा कोळसा करायचा. तो मैद्यासारखा बारीक दळायचा. मग त्या कोळशाच्या अंगावर लोखंडाच्या ऑक्साइडचे कण बसवायचे, इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसू नयेत. अडचण अशी की हे कण तयार होताहोताच एकमेकांना चिकटतात आणि त्यांची ढेकळं होतात. म्हणून त्यांच्यावर एक पातळ लेप द्यायचा. तो लेप सायट्रिक आम्लाचा, ज्याला स्वयंपाकघरात आपण लिंबूफूल म्हणतो. लेप नीट बसला की कण सुटे राहतात आणि पाण्यातला रंग, घाण आपल्या अंगावर ओढून घेतात. नंतर भांड्याला बाहेरून लोहचुंबक लावला की सगळी काळी पावडर घाणीसकट एका बाजूला गोळा होते आणि नितळ पाणी उरतं. आमच्या भागात पाण्याचं मोल काय आहे ते सांगायला नको. मला हे काम मनापासून आवडायचं.

तुराट्या अहमदपूरजवळच्या काकांच्या शेतातून यायच्या. काका भारा बांधून बसस्टँडवर आणायचे आणि मी तो सीटखाली ढकलायचे. एक कंडक्टर हटकून विचारायचा, "मॅडम, नांदेडात गॅस मिळंना झाला का?" एकदा मी त्याला सांगितलं की यातून पाणी स्वच्छ करायची पावडर करते. त्यानं भाऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "करा की. पर माणसाच्या पायाला जागा ठिवा."

माझे मार्गदर्शक, ज्यांना मी नुसतं सर म्हणायचे, दीडेक वर्षात निवृत्त व्हायचे होते. शब्द फार जपून वापरायचे. काम चांगलं झालं तर "बरं", वाईट झालं तर "बघा", यापलीकडे क्वचित जायचे. आणि प्रयोगशाळेत मामा होते. सगळ्याच कॉलेजांत शिपायाला मामा म्हणतात, पण यांना ते शोभायचं. पन्नाशीचे, बारीक, पांढऱ्या टोपीतले. औशाच्या पलीकडच्या एका गावचे. भूकंपात अख्खं गाव बसलं आणि भूकंपग्रस्ताच्या दाखल्यावर त्यांना ही नोकरी मिळाली, एवढं आम्हाला ठाऊक होतं. त्यापुढचं ते बोलत नसत. काचेची भांडी त्यांच्यासारखी धुणारा माणूस मी नंतर पाहिला नाही. त्यांनी धुतलेला बीकर उजेडात धरला तर काच आहे की नाही असा प्रश्न पडायचा. मी डबा विसरले तर न बोलता आपल्या डब्यातली अर्धी भाकरी आणि ठेचा टेबलाच्या कडेला ठेवून जायचे.

बाहेरून जड ट्रक गेला आणि खिडक्या थरथरल्या की मामा हातातलं काम सोडून व्हरांड्यात जाऊन उभे राहायचे. थोड्या वेळानं काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं परत यायचे. पोरं मागे त्यांना 'हादरा मामा' म्हणायची. एकदा मीही हसले होते. हे लिहायला बरं वाटत नाही, पण हसले होते, आणि त्यांनी ते पाहिलं होतं.

पावडर पहिल्यांदा जमली त्या दिवशी मी निळ्या रंगाच्या पाण्याची नळी घेतली, त्यात चिमूटभर पावडर टाकली, हलवली आणि थांबले. वाईट पावडर दहा मिनिटांत गाळासारखी तळाला जाते. ही गेली नाही. तासाभरानंतरही पाणी शाईसारखं काळं राहिलं. एका मोडक्या स्पीकरचा गोल चुंबक मी कायम पर्समध्ये ठेवायचे, तो नळीला लावला. पावडर हळूहळू एका अंगाला सरकली आणि मागे राहिलेलं पाणी पांढरं स्वच्छ होतं. मी ओरडलेच. मामा पळत आले, त्यांना वाटलं हात भाजला. मग त्यांनीही नळी उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, "लई निर्मळ हाय की वो. प्यावं वाटायलंय." त्याच आठवड्यात आणखी एकदा केली, तीही तशीच आली.

नमुने पुण्याला, हैदराबादला तपासायला पाठवले, कारण आमच्याकडे मोठी यंत्रं नव्हती. महिन्याभरानं पोस्टानं उत्तरं आली. क्ष-किरणांच्या आलेखात शिखरं बुटकी आणि रुंद होती. आमच्या विषयात शिखर जितकं लठ्ठ तितका कण बारीक; हे मी रिपीटरच्या पोरांना सांगितलं तेव्हा एका जाड पोरीनं खूश होऊन शेजारणीला टाळी दिली. दुसऱ्या आलेखात लिंबूफुलाचा लेप बसल्याची खूण स्वच्छ दिसत होती. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या फोटोत कोळशावर कण असे सुटे सुटे बसले होते, अनारशावरच्या खसखशीसारखे. सर फोटो बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बरं. फार बरं." मी औरंगाबादच्या एका परिषदेत ते काम मांडलं, छोटा पेपरही छापून आला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, तशी गत. प्रबंधात घालायच्या आधी सरांनी एवढंच सांगितलं, "वेगवेगळ्या महिन्यांत आणखी तीनदा करा. तीनही सारख्या आल्या पाहिजेत."

त्याच सुमाराला आमचा विभाग नव्या इमारतीत गेला. भिंतीभर रॅक, पांढऱ्या फरशा, चोवीस तास पाणी. मामांची बदली परीक्षा विभागात झाली आणि त्यांच्या जागी एक तरुण, हुशार परिचर आला. मी नव्या उत्साहानं पावडर करायला घेतली आणि ती दहा मिनिटांत तळाला गेली.

पुन्हा केली. पुन्हा तळाला. चुंबक लावला की कशीबशी सरकायची, पण पाणी निळंच राहायचं. आलेख मागवले तर शिखरं उंच आणि सुयांसारखी बारीक, म्हणजे कण जाड. लेपाची खूण जेमतेम. मी अमोनियाची बाटली बदलली. काकांना सांगून दुसऱ्या शेतातल्या तुराट्या आणल्या. लिंबूफूल नवीन मागवलं, थर्मामीटर नवा घेतला, जुन्या इमारतीच्या नळाचं पाणी कॅनमध्ये भरून आणून तेही ऊर्ध्वपातन करून पाहिलं. माझ्या वहीत कृती ओळीनं लिहिलेली होती आणि मी ती ओळीनं पाळत होते. शेवटची ओळ होती: 'लेपाच्या द्रावणात तासभर तापवून फ्लास्क टेबलावर झाकून ठेवला, सकाळपर्यंत थंड होऊ दिला.' पाचला फ्लास्क झाकायचा, आत्याकडे जायचं, सकाळी साडेदहाला येऊन उघडायचा. आधीही हेच करत होते. सात महिने गेले आणि एकही पावडर जमली नाही.

लातूरला एका रिपीटर पोरानं विचारलं, "मॅडम, झाली का तुमची पावडर?" म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मग तुमी बी रिपीटरच की." सगळी बॅच हसली, मीही हसले, आणि फळ्याकडे तोंड करून डोळे पुसले. पोरांची वार्षिक परीक्षा तरी ठरल्या दिवशी यायची. माझी कधी यायची ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

विभागातल्या एका सहकाऱ्यानं समजूतदारपणे सुचवलं, "पहिल्या पावडरीचेच आकडे थोडे इकडेतिकडे करा आणि तीन रकाने भरा. कोण बघायला येतंय?" मी त्याला नको ते बोलले. पण त्या रात्री जेवताना माझ्या डोक्यात आलं की ज्याला हे इतक्या सहज सुचतं, त्याला माझी पहिली पावडरसुद्धा अशीच कागदावर झालेली वाटत असणार. आणि त्या एकट्यालाच का वाटेल? पेपर छापून आला होता. उद्या कुणी माझी कृती वाचून पावडर केली आणि ती तळाला गेली, तर मी खोटी ठरणार होते. पदवी न मिळणं मी सोसलं असतं. खोटी ठरणं मला सोसणार नव्हतं.

सरांना मी रडतच विचारलं, "सर, तुम्हाला तरी वाटतं ना, ती खरी होती?" ते म्हणाले, "मी नळी डोळ्यांनी बघितली बाई. पण माझ्या वाटण्याला काय अर्थ आहे? खरं असेल तर पुन्हा होईल. होत नाही तोवर आपल्याला काहीतरी माहीत नाही, एवढंच." इकडे क्लासवाले मला पूर्णवेळ या म्हणून मागे लागले होते. मी ठरवलं, दिवाळीपर्यंत बघायचं, नाहीतर नोंदणी रद्द करून लातूरला बसायचं. आत्या म्हणाली, दोन तलवारींतली एक तरी धारेची ठेव.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी मी जुन्या इमारतीच्या अडगळीच्या खोलीत गेले. जुन्या खेपेची अमोनियाची एखादी बाटली उरली आहे का बघायचं होतं. बाटली नव्हती. भिंतीशी पाच-सहा लाकडी पेट्या होत्या, आंब्याच्या असतात तशा, प्रत्येकीत सॉमिलमधला भुसा गच्च भरलेला आणि वर पोत्याचा तुकडा. एकीवरचं पोतं उचललं. भुशात गोल खळगा होता, फ्लास्कच्या बुडाएवढा, आणि त्याच्या कडेला काळे डाग. मी पर्समधला चुंबक काढून डागांजवळ नेला. काळा भुसा टुणकन उडून चुंबकाला चिकटला.

ती माझी पावडर होती. माझा फ्लास्क या भुशात बसत होता, एकदा नाही, पुष्कळदा. मला ओरडावंसं वाटलं, आणि दुर्दैवानं मी ते परीक्षा विभागात जाऊन केलं. चार टेबलं, सात-आठ माणसं, मामा गठ्ठ्यांना सुतळी बांधत होते. मी दारातूनच विचारलं, "मामा, माझा फ्लास्क भुशाच्या पेटीत कोण ठेवत होतं?"

मामांच्या हातातली सुतळी तशीच राहिली. "मला ठाव न्हाई मॅडम."

"तुमच्याशिवाय तिथं होतं कोण?"

"मी हात बी लावला न्हाई तुमच्या सामानाला. काचेची शपथ." काचेची शपथ मी आयुष्यात तेवढी एकदाच ऐकली. मी जितकी अधीर होत गेले तितके ते घट्ट होत गेले. सगळे टेबलांवरून माना काढून बघत होते. शेवटी मामा म्हणाले, "काय नुकसान झालं आसंल तर लिहून द्या सायबाला," आणि पाठ फिरवून पुन्हा गठ्ठे बांधायला लागले.

सरांना सांगितलं तर ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "'कोण ठेवत होतं?' असं पोलीस विचारतात. त्या माणसाला काय वाटलं असेल? आठ महिने तुमचं काम बिघडलंय हे सगळ्या विद्यापीठाला ठाऊक आहे. तुम्ही गुन्हेगार शोधायला आलात असंच वाटणार." मग थांबून म्हणाले, "तुम्ही लातूरच्या ना?"

मी लातूरची होते आणि मला कळू नये, याची मला अजून लाज वाटते. भूकंपानंतर आमचं घर कित्येक महिने अंगणात झोपलं. त्यानंतर आईनं फळीवर स्टीलचे डबे कधी ठेवले नाहीत. पाहुणे यायचे असले की तेवढ्यापुरते वर रचायची आणि ते गेले की उतरवायची. वडील चपला उशाशी ठेवून झोपायचे आणि कुणी विचारलं तर उंदीर नेतात म्हणायचे. आमच्याकडे प्रत्येक घरात असं काहीतरी होतं आणि प्रत्येक घर ते लपवत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले आणि मामांना बाहेर लिंबाखाली बोलावलं. पावडरीचं नाव काढलं नाही. आईच्या डब्यांचं सांगितलं, वडिलांच्या चपलांचं सांगितलं. मामा भाकरी मोडत ऐकत होते. मग मी म्हटलं, "मामा, मी मागे एकदा हसले होते. चुकलं माझं." त्यांनी हातातला तुकडा डब्याच्या झाकणावर ठेवला.

"आमची आई भिताडाखाली न्हाई गेली मॅडम," ते म्हणाले. "माळ्यावर लोखंडी ट्रंक व्हती. ती आली खाली. मीच चढवून ठिवली व्हती, आदल्या दिशी. तिनंच सांगितलं व्हतं, वाटंत येती म्हणून."

नोकरी लागल्यावर पहिल्या दिवसापासून त्यांना टेबलावरची, फळीवरची काच बघवत नव्हती. कुलूप लावून गेलं तरी जेवण जायचं नाही. म्हणून सगळे गेले की ते एकेक वस्तू उतरवून भुशाच्या पेट्यांत ठेवायचे आणि सकाळी नवाच्या आत येऊन जिथली तिथे मांडून ठेवायचे. तीन वर्षं, रोज. आम्हा कुणाला पत्ता नव्हता. माझा फ्लास्क गरम असायचा म्हणून फडक्यात धरून, भुशात गळ्यापर्यंत पुरून, वर पोतं टाकायचे. "लोक हसतील म्हणून बोललो न्हाई. आन तुमची पावडर बिघडली तवा वाटलं, माझंच पाप आसंल. आधी कैकदा हालवली ना मी, त्याचंच पुढं कायतरी झालं आसंल."

"मामा, सकाळी फ्लास्क काढायचात तेव्हा गार असायचा?"

"गार कुठला? चांगला कोमट. मघाच्या चहावानी."

मी त्यांच्या पायाच पडले. त्यांना काही कळेना. टेबलावर फ्लास्क तास-दीड तासात थंड होत होता. भुशात तो चौदा-पंधरा तास हळूहळू निवत होता, आणि एवढा वेळ ऊब मिळाली म्हणून लेप एकेका कणावर नीट बसत होता. माझ्या वहीतल्या 'थंड होऊ दिला' या ओळीत एक अख्खा माणूस काम करत होता आणि मी तो लिहिलाच नव्हता.

त्याच दिवशी मी द्रावण लावलं. पाच वाजता मामा परीक्षा विभागातून आले, फडकं मागितलं आणि फ्लास्क भुशात पुरला. मी बोट लावायला गेले तर म्हणाले, "राहू द्या, तुमचा हात घाईचा हाय." सकाळी नळीतली पावडर तळाला गेली नाही. सर, मी, नवा परिचर, सगळे तासभर एका नळीकडे बघत उभे होतो. सर म्हणाले, "बरं," आणि खिशातून रुमाल काढून नाक शिंकरत बाहेर गेले. पुढच्या चार महिन्यांत मी ती आणखी तीनदा केली, नमुने पुण्या-हैदराबादला पाठवले, आणि शिखरं प्रत्येक वेळी लठ्ठ आली.

प्रबंध लिहायच्या आधी मी मामांना विचारलं, की कृतीत हे लिहावं लागेल, चालेल ना? ते म्हणाले, "लिहा. भुशात ठिवलं म्हणून लिहा. पर कामून ठिवलं ते नका लिहू. भ्यालो म्हणून ठिवलं, हे कागदावर नगं." मी शब्द दिला. प्रबंधात लिहिलं की फ्लास्क भुसा भरलेल्या पेटीत सावकाश थंड केला. शास्त्राच्या दृष्टीनं तेवढं पुरेसं होतं.

खुल्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक माझा परिषदेतला पेपर घेऊनच बसले होते. माणूस कडक होता आणि त्यांचं बरोबर होतं. त्यांनी पेपर एका हातात, प्रबंध दुसऱ्या हातात धरला. "या पेपरात भुशाचा उल्लेख नाही. प्रबंधात आहे. निकाल मात्र दोन्हीकडे सारखे. असं कसं?"

मी म्हटलं, "पेपर लिहिला तेव्हा मला ते माहीत नव्हतं."

"म्हणजे तुम्ही नकळत फ्लास्क भुशात पुरत होतात?"

मागे कुणीतरी खाकरलं. मी सांगितलं की ते अपघातानं लक्षात आलं. कसला अपघात, त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर होतं आणि ते मला देता येत नव्हतं. क्लासमध्ये शेकडो पोरांपुढे न अडखळणारी मी तिथे गप्प उभी राहिले. परीक्षकांनी प्रबंध मिटून टेबलावर ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, आधी निकाल आणि मग त्याला शोभेल अशी कृती, असं तर झालं नाही ना?" सर खाली बघत होते. त्यांना मी दिलेल्या शब्दाची कल्पना होती. मी शब्द मोडला असता तर त्यांनी मला दोष दिला नसता, हे मला कळत होतं. पण मला लिंबाखाली ऐकलेली ती ट्रंक दिसत होती.

हॉलमध्ये खुर्च्या मांडायला त्या दिवशी मामांना बोलावलं होतं. ते सगळ्यात मागे, पाण्याच्या पिंपाशी उभे होते. तिथून ते दोन पावलं पुढे आले. टोपी काढून हातात घेतली.

"सायब, भुशात मी ठेवायचो. मॅडमला ठाव नव्हतं. वरची काच पडंल म्हणून मला भ्या वाटायचं. भूकंपातला हाय मी. आजून वाटतं." मग त्यांनी टोपीनंच माझ्याकडे दाखवलं. "बोलू नका म्हणून मीच सांगितलं व्हतं त्यान्ला. म्हणून गप हायेत त्या. त्यान्ला नापास करू नका."

त्यानंतर परीक्षकांनी मला आणखी दोन प्रश्न विचारले आणि पदवीची शिफारस केली. ते प्रश्न कोणते होते आणि मी काय उत्तरं दिली, यातलं मला आज एक अक्षरही आठवत नाही.